साडूच्या टाकीची डुप्लिकेट

१

सख्खा भाऊ पुढे गेला तर माणसाला म्हणता येतं, आमचंच रक्त. शेजारी पुढे गेला तर म्हणता येतं, काहीतरी लबाडी केली असणार. साडू पुढे गेला की तोंड उघडायची सोय नाही. दोघांनी एकाच घरात पेपर दिलेला असतो आणि तपासायला सासूबाई एकच असतात.

या गोष्टीतले थोरले साडू किल्लीवाले. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान, उभं राहिलं तर डोकं पायरीला लागेल असं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, मधे दात कापायचं यंत्र आणि खिशात दात मोजायचं व्हर्नियर. तीस वर्षं माणसाने दुसऱ्याच्या किल्लीवरून किल्ल्या पाडल्या. मूळ किल्लीपेक्षा माझी डुप्लिकेट हलकी फिरते, गिऱ्हाइकं मूळ किल्ली मुद्दाम हरवतात, असं तो खुशाल सांगायचा. गप्पा सोडून द्या, पण तीस वर्षांत एकही किल्ली परत आली नव्हती, हे मात्र खरं.

धाकटे साडू दातांचे डॉक्टर. पन्नाशीत डोक्यावर सगळे केस, तोंडात सगळे दात, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. हे सगळं किल्लीवाल्याने एकवेळ पोटात घातलं असतं. पण डॉक्टरांच्या बैठकीत समुद्र होता.

सहा फुटांची काचेची टाकी, खाऱ्या पाण्याची. आत दगडांचा डोंगर, डोंगराला उजवीकडे कमान, कमानीवर पोवळी. जांभळी, हिरवी, काही बोटांसारखी, काही भेज्यासारखी. निळा दिवा, पाण्यात डोलणारं समुद्रफूल, त्यात शिरून बसलेले दोन नारिंगी-पांढरे जोकर मासे. दर रविवारी किल्लीवाल्याची बायको, म्हणजे दोघी बहिणींतली थोरली, त्या टाकीसमोर जाऊन उभी राहायची ती जेवायला हाका मारेपर्यंत. तिचा चेहरा तेव्हा असा व्हायचा की किल्लीवाल्याची नजर टाकीऐवजी तिच्यावरच अडकायची. असं तिने आपल्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, याचा तो हिशेब करायचा आणि तो हिशेब फार मागे जायचा.

एका रविवारी घरी परतताना ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "डॉक्टरांकडे किती शांत वाटतं ना."

टाकीपाशी म्हणाली असती तर भागलं असतं. डॉक्टरांकडे म्हणाली. किल्लीवाला रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी दात घासता घासता त्याने जाहीर केलं की आपल्या घरीही समुद्र येणार.

२

माशांच्या दुकानदाराला सगळे समुद्रशेठ म्हणायचे. पोहता येत नव्हतं त्याला, पण पाण्याबद्दल बोलायला लागला की समोरच्याच्या नाकातोंडात जायचं. त्याने सांगितलं, सातशे लिटर पाणी म्हणजे दहा माणसं एकावर एक बसवल्यासारखं आहे, आधी जमीन बघा. किल्लीवाल्याने पाणसळ लावून जमीन बघितली. लोखंडी घोडा करून घेतला, वर जाड फळी, फळीवर थर्माकोल, त्यावर काच. टाकी डॉक्टरांपेक्षा वीतभर मोठी हवी होती, पण दार आणि खिडकी यांच्या मधली भिंत ऐकेना. सहा फुटांवर सही करावी लागली. गाळलेलं पाणी थेंबाथेंबाने चार दिवस पिंपात जमवलं, त्यात समुद्री मीठ विरघळवलं, लाटा करणारे पंप लावले, खाली फेस काढणारं यंत्र बसवलं. ते दिवसभर म्हाताऱ्यासारखं घशात गुळगुळ करत राहायचं.

खरं कसब दगड रचण्यात असतं. समुद्रशेठचं म्हणणं असं की जमिनीवर टाकीच्या मापाचा कागद पसरा, कोरडे दगड त्यावर मांडून बघा, मोडा, परत मांडा, आठ दिवस खेळा. दगडच सांगतो त्याला कुठे बसायचंय ते.

"मला सांगायला दगड कशाला हवा?" किल्लीवाला म्हणाला. "माझ्याकडे मूळ आहे."

मूळ म्हणजे बायकोच्या फोनमधले फोटो. डॉक्टरांच्या टाकीसमोर उभं राहून, हात लांब करून, स्वतःचे स्वतःच काढलेले. चाळीस तरी होते. प्रत्येक फोटोत मागे टाकी आणि पुढे कोपऱ्यात ही, खांद्याला कापडी पिशवी, हसतेय. किल्लीवाल्याने फोन टेबलावर ठेवला, टाकी नीट दिसावी म्हणून बायकोवर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने व्हर्नियर लावलं. चाळीस फोटो, चाळीस वेळा अंगठा. दगड कानशीने घासून, मधे खुंट्या घालून, पुटी लावून त्याने तो डोंगर उभा केला. कमान, कमानीखालची गुहा, गुहेच्या तोंडाशी पडलेला घोड्याच्या तोंडासारखा दगड, सगळं.

मग सहा आठवडे पाणी पिकायची, म्हणजे माशांना मानवेल असं व्हायची वाट. काचा आधी तपकिरी झाल्या, मग हिरव्या, मग स्वच्छ. मग समुद्रशेठकडून तीच पोवळी आली, त्याच जागी चिकटली. तेच समुद्रफूल. तसलाच पिवळा मासा, तसलीच जोकरांची जोडी. चोरी म्हणावी तर कुणाचं काही उचललेलं नव्हतं.

३

डॉक्टरांकडची मंडळी बघायला आली. सासूबाई धाकटीकडे राहायच्या, त्याही आल्या. त्यांनी चष्मा पुसून टाकी बघितली आणि म्हणाल्या, छान आहे हो, पण बघून मला गरगरतंय.

धाकटीने मान एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्या. "भावोजी, ही तर आमचीच टाकी. फक्त कमान इकडे डावीकडे कशी आली?"

क्षणभर कुणाला कळेना. मग डॉक्टरांनी थोरलीचा फोन मागून घेतला, त्यातला एक फोटो उघडला आणि बोटाने मोठा केला. "दादा, ताईंचा फोन जुना आहे. पुढच्या कॅमेऱ्याने काढलं की आरशातल्यासारखं ठेवतो. ही पिशवी बघा."

पिशवीवर कापडदुकानाचं नाव होतं आणि सगळी अक्षरं पाठमोरी. चाळीस फोटोंत ती अक्षरं ओरडून सांगत होती आणि चाळीस वेळा त्यांच्यावर अंगठा होता. तीस वर्षं हजारो किल्ल्या पाडलेल्या माणसाने सातशे लिटरची किल्ली उलटी पाडली होती.

मग काय विचारता. सासूबाई हसल्या, धाकटी हसली, थोरली तर डोळे पुसून पुसून हसली. एकटे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी किल्लीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरंच झालं दादा. आपली टाकी आरशात कशी दिसते ते मला एरवी कळलंच नसतं."

हसले असते तर बरं झालं असतं. हा हात खांद्यावर राहिला तो मंडळी गेल्यावरही राहिला. आणि एक गोष्ट किल्लीवाल्याच्या नजरेतून सुटली नव्हती. सगळे हसत असताना बायको टाकीच्या काचेत बघत होती. तोच चेहरा, ज्याच्यासाठी एवढा समुद्र घरात आणला. पण काचेत त्या वेळी डॉक्टर उभे होते.

सगळं मोडून सरळ रचावं असं त्याच्या मनात होतं. पण पोवळी धरली होती, पुटी दगड झाली होती. राहिली टाकी तशीच.

४

गुरुवारी बाजार बंद. दुपारी किल्लीवाला खुर्ची टाकून टाकीसमोर बसला होता. घरात कोणी नव्हतं, यंत्राची गुळगुळ तेवढी चालू होती. एकाएकी कमानीवरचं भेज्यासारखं पोवळं हललं, कलंडलं आणि गडगडत वाळूत पडलं. जवळ मासा नव्हता, खेकडा नव्हता. त्याने घड्याळ बघितलं, तीन वाजून दहा मिनिटं. बाही वर करून त्याने पोवळं परत जागेवर बसवलं आणि बायको आल्यावर तिला सांगितलं.

संध्याकाळी थोरली फोनवर बहिणीशी बोलत होती आणि मधेच म्हणाली, "काय सांगतेस, आमचंही आज पडलं."

डॉक्टरांनी दुपारी नळी साफ करताना कोपर मारलं होतं. किती वाजता, असं किल्लीवाल्याने मधूनच विचारायला लावलं. तीनच्या सुमाराला.

आता बुद्धी काही गहाण पडलेली नव्हती त्याची. पोवळं वाढलं की डोक्यात जड होतं, पडतं. समुद्रशेठही तेच म्हणाला. दोन घरी दोन पोवळी पडली म्हणून काय पंचांग बघायचं? पण पुढच्या सोमवारी याच्या जोकरांनी समुद्रफूल सोडलं आणि उजव्या पंपामागे जाऊन बसले. याने काहीतरी निमित्त काढून फोन केला. डॉक्टर म्हणाले, दादा, कमाल आहे, आमचे जोकर रुसून डाव्या पंपामागे बसलेत. मग पिवळ्या माशाच्या शेपटीला खोक पडली. मग एक गोगलगाय काचेवर उलटी होऊन मेली. किल्लीवाला दर वेळी फोन करायचा आणि दर वेळी पलीकडून तेच यायचं, बाजू तेवढी बदलून. तुम्ही माशांत फार रमलात हो दादा, असं म्हणून डॉक्टर खूश व्हायचे.

एकाच दुकानातले मासे. एकाच वाणाचे. दिवेही एकाच वेळी लागतात, एकाच वेळी विझतात. भूक लागेल तेव्हा दोन्ही घरचे मासे सारखेच वागणार. किल्लीवाला स्वतःला हे दिवसातून दोनदा समजावायचा. आणि समजावता समजावता त्याच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. फार गोड किडा होता तो.

५

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, असं म्हणतात. किल्लीवाल्याने ते अगदी व्हर्नियर लावून केलं.

सकाळी बायको कामाला गेल्यावर त्याने सदरा काढला, काखेपर्यंत हात टाकीत घातला, कमान धरली आणि हिसडा दिला. पुटीचा काडकन आवाज पाण्यातून हाताच्या हाडांत आला. कमान मोडली, गुहा बसली, पोवळी वाळूत पालथी झाली, मासे कोपऱ्यांत पांगले. हाताची साल निघाली आणि मीठ झोंबलं. त्याला ते झोंबणंही आवडलं. ओल्या हातानेच त्याने फोन लावला.

"डॉक्टर, सहज केला. टाकी कशी आहे?"

"मस्त. आत्ता समोरच बसलोय चहा घेऊन."

"कमान?"

"कमानीला काय होतंय? तुमची पडली का?"

नाही, नाही, म्हणत त्याने फोन ठेवला. दुकानात दिवसभर त्याचं लक्ष लागलं नाही. स्वतःच्या हाताने घर पेटवलं आणि शेजाऱ्याला ऊबसुद्धा लागली नाही, अशी गत. संध्याकाळी तोंड पाडून तो घरी आला, तर बायको टाकीसमोर स्टूल घेऊन बसलेली.

टाकीत कमान उभी होती. गुहा होती. गुहेच्या तोंडाशी घोड्याच्या तोंडाचा दगड होता.

त्याने वाकून बघितलं. जोडावरची पुटी जुनी होती, गुलाबी खपली धरलेली, कुठे तडा नाही. कुणी उभी केली, असं त्याने बायकोला विचारलं. कुणी म्हणजे काय, ती म्हणाली, पडली कधी होती? त्याने हात पुढे करून सोललेली साल दाखवली. ती म्हणाली, मलम लावा.

तेव्हा किल्लीवाल्याला त्याच्या धंद्यातली पहिल्या दिवशीची गोष्ट आठवली. मूळ किल्लीवर कानस फिरवली तर डुप्लिकेट बदलते. डुप्लिकेटवर कितीही फिरवा, मुळाला काही होत नाही. त्या विचाराला तो पुढे सरकू देईना. त्याने पंखा बंद केला, गार वाजत होतं म्हणून.

६

मग हाताचं सुरू झालं.

दुपारी चार वाजता, दुकानात, गिऱ्हाइकासमोर, त्याचा डावा हात उचलला गेला आणि हवेत वरखाली फिरायला लागला. सावकाश, सारख्या अंतराने, जणू समोर काच आहे आणि तो ती पुसतोय. गिऱ्हाईक आधी हसलं, मग थांबलं. दहा मिनिटांनी हात आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी चारला परत. यंत्राच्या थरथरीने नस आखडली असणार, असं त्याने ठरवलं आणि चार वाजता हात मांडीखाली दाबून बसायला लागला. मांडीखालीही तो फिरायचा.

रविवारी त्याने डॉक्टरांना आडून विचारलं, काच कधी पुसता हो? रोज चारला, ते म्हणाले, संध्याकाळचे पेशंट सुरू व्हायच्या आधी. कोणत्या हाताने, हे विचारायची गरज नव्हती. ते बोलताना उजवा हात तसाच फिरवून दाखवत होते आणि किल्लीवाल्याने आपला डावा टेबलाखाली उजव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

त्याच आठवड्यात एक बाई किल्ली घेऊन परत आल्या. कुलपात जातच नाही म्हणाल्या. त्याने मूळ किल्लीशेजारी ठेवून बघितली. दात एकूण एक बरोबर. फक्त उलट्या बाजूने पाडलेले. तीस वर्षांतली पहिली परत आलेली किल्ली. ती हातात घेऊन तो बराच वेळ जिन्याखाली बसून राहिला. वरून माणसं चढत होती, उतरत होती.

घरी मात्र त्याला हवं होतं ते घडत होतं. थोरली रोज संध्याकाळी टाकीसमोर बसायला लागली. रविवारीसुद्धा बहिणीकडे जायचं नाव काढीना. एका संध्याकाळी तो चहाचे दोन कप घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला. काचेत ती दिसत होती, हसत होती, तोच चेहरा. तिच्या मागे कोणीतरी उभं होतं. दोन कप घेऊन, थोडं वाकून. डोक्यावर सगळे केस.

जाड काचेत दोन दोन प्रतिबिंबं पडतात. पुढच्या काचेत एक, मागच्या काचेत एक. दगडांची सावली केसांसारखी दिसू शकते. त्याने एक कप खाली ठेवून टाळूवरून हात फिरवला. टाळू नेहमीसारखी गुळगुळीत.

"कुणाकडे बघतेस?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडेच की," ती म्हणाली. वळली नाही. काचेतच बघत म्हणाली.

७

पुढच्या बुधवारी डॉक्टर स्वतः आले. सासूबाईंना जिना झेपत नव्हता, त्यांची खाट बैठकीत आणायची होती, जागा हवी होती. आणि खरं सांगायचं तर, ते म्हणाले, मलाही आता पाणी उपसायचा कंटाळा आलाय. रविवारी सकाळी दहाला टाकी रिकामी करतो. मासे, पोवळी, दगड, सगळं दादांकडे.

"दोन्ही घरांत मिळून तुमची एकच टाकी राहील आता," डॉक्टर हसून म्हणाले. "जिंकलात तुम्ही."

चार महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर किल्लीवाला गल्लीभर नाचला असता. आता तो उठून डॉक्टरांच्या समोर आला. नका करू, तो म्हणाला. खाट दुसरीकडे ठेवा. माझ्या घरी ठेवा, सासूबाईंना इथे आणा, हवं तर मी रोज येऊन तुमचं पाणी बदलतो. बोलता बोलता त्याने साडूपुढे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा. थोरली दारात उभी राहून बघत होती आणि शरमेने तिचे कान लाल झाले होते.

"दादा, टाकी आहे हो ती," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. पेशंटशी बोलतात तसं.

"मला एक सांगा डॉक्टर. आरशासमोरून माणूस उठून गेला की आरशातल्याचं काय होतं?"

डॉक्टरांना वाटलं, थट्टा आहे. तेही थट्टेत म्हणाले, "काय व्हायचंय? तोही उठून आपल्या घरी जातो."

"त्याला घर असतं?"

डॉक्टरांनी चहा संपवला, थोरलीला, काळजी घ्या यांची, असं खुणेनेच सांगितलं आणि निघाले. दारात त्यांनी उजवा हात हलवला. किल्लीवाल्याने आपला हात हलवायचा नाही असं ठरवलं होतं.

रात्री जेवताना थोरली फक्त एवढंच बोलली, "त्यांच्यासमोर असं करायला नको होतं तुम्ही."

८

रविवारी सकाळी घरात लख्ख ऊन होतं. थोरली आवरत होती. अकराला तिला बहिणीकडे जाऊन मासे बादल्यांतून आणायचे होते. किल्लीवाला म्हणाला, तू हो पुढे, मी बघतो. खुर्ची टाकीसमोर ओढून तो बसला. पाणी किती आहे ते कळावं म्हणून काचेवर त्याने बारीक चिकटपट्टी लावून ठेवली होती. पाणी बरोबर पट्टीवर.

दहा वाजता फोन वाजला.

"लावली नळी, दादा. तासभर लागेल. बादल्या तयार ठेवा."

बरं, तो म्हणाला. फोन मांडीवर ठेवला. पंप चालू होते, गुळगुळ चालू होती, पिवळा मासा कमानीखालून नेहमीसारखा गेला. पाणी पट्टीवर. पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्याला हसू यायला लागलं. एवढा बाप्या माणूस आणि काय काय मनात घेऊन बसलाय. गिऱ्हाइकांची खुशाल फिरकी घेणारा मी, तो स्वतःशीच म्हणाला, माझीच फिरकी मासे घेतायत.

मग काचेत त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

घड्याळ त्याच्या पाठीमागे होतं, बरोबर डोक्यामागे. खुर्चीत बसलं की काचेत घड्याळाच्या जागी डोकं दिसायचं. आता घड्याळ पूर्ण दिसत होतं. उलट्या आकड्यांसकट. घड्याळाखाली त्याचं कपाळ सुरू होत होतं.

त्याने डोक्याला हात लावला. डोकं होतं. हाताला लागलं. काचेत हात वर गेला आणि कपाळाच्या वर जाऊन दिसेनासा झाला.

पाणी वरूनच उतरतं. पट्टीवरचं पाणी हललं नव्हतं. कपाळ गेलं, भुवया गेल्या. डोळ्यांपाशी आलं तेव्हा त्याला वाटलं, आता दिसायचं बंद होईल. झालं नाही. सगळं दिसत होतं, नाकाखालचं तोंड उघडंच राहिलेलं दिसत होतं, मग तेही दिसेना. उठावं म्हणून त्याने जोर केला. पण पलीकडे डॉक्टर खाली बसून नळी धरून असणार, कारण याचे गुडघे हलेनात आणि डावी मूठ घट्ट मिटलेली राहिली.

"अहो," थोरलीने आतून हाक मारली. मग स्वयंपाकघरातून, मग गॅलरीतून. बाहेर आली तेव्हा खांद्याला पिशवी होती. तिने बैठकीत नजर फिरवली. खुर्चीवरूनही फिरवली. "गेले वाटतं पुढे," ती स्वतःशी म्हणाली. "सांगून जायची रीत नाही."

"अगं," तो म्हणाला. पंपाची घरघर चालू होती.

ती अगदी जवळ आली. त्याच्या समोर उभी राहिली, टाकीकडे पाठ करून, आणि त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. कपाळावरची बट मागे सारली, ओठ दाबून रंग सारखा केला. आरशात बघून करतात तसं. मग वळली आणि टाकीत बघत राहिली. चेहऱ्यावर ते आलं. एवढ्या जवळून त्याने ते कधीच बघितलं नव्हतं.

बहिणीला पाठवायला म्हणून तिने फोन काढला. परत टाकीकडे पाठ केली, हात लांब केला, हसली. फोनच्या पडद्यावर टाकी दिसत होती आणि कमान उजवीकडे होती.

"आता कशी बरोबर दिसतेय," ती म्हणाली.

तिने फोटो जवळ धरून बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. फोटोच्या कडेला, टाकीच्या काचेत खुर्ची दिसायला हवी तिथे, काहीतरी आलं होतं. छातीएवढं. करडं. तिने बोटाने मोठं करून बघितलं, मान वर करून समोरच्या खुर्चीकडे बघितलं, परत फोटोकडे. मग टाकी नीट दिसावी म्हणून तिने त्याच्यावर अंगठा ठेवला.

खुर्चीत किल्लीवाल्याच्या डोळ्यांवर अंधार आला. जाड, उबदार, बोटावरच्या बारीक बारीक रेघांचा.